मंडळाची वही, पक्षाची पाटी : सातारा-सांगलीतील रिपब्लिकन स्त्रिया

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत ‘रिपब्लिकन’ हा शब्द पक्षाच्या नावापेक्षा वस्तीची ओळख म्हणून अधिक वापरला जातो. अमुक घर रिपब्लिकन, म्हणजे ते निळ्या झेंड्याचे, चौदा एप्रिलचे, विहारात जाणारे. पक्षाची पावती कुणी फाडली आहे आणि कोणत्या गटाची, हा प्रश्न त्यात येत नाही. शब्दाच्या या सैल वापराने पक्षाचा इतिहास लिहिणाऱ्याची पंचाईत होते. स्त्रियांचे राजकारण शोधणाऱ्याला मात्र तो सैलपणा उपयोगी पडतो, कारण पक्षाच्या कागदांत त्या क्वचितच भेटतात.

कऱ्हाड, वाळवा, तासगाव, मिरज आणि फलटण या बाजूच्या जुन्या महिला मंडळांची माहिती मी गेली काही वर्षे जमवते आहे. सत्तरी ओलांडलेल्या आक्कांना, मावश्यांना ‘तुम्ही पक्षात होता का’ असे विचारले, की बहुतेक वेळा उत्तर येते ते नकारार्थी. पक्षात घरातले पुरुष होते, आपण मंडळात होतो, असे त्या सांगतात. मग मंडळाने काय काय केले याची यादी सुरू होते, तिच्यात मोर्चा असतो, निवडणुकीच्या दिवशी म्हाताऱ्यांना मतदान केंद्रावर पोचवणे असते, तहसीलदाराला दिलेले निवेदन असते, सत्याग्रहात गेलेल्यांच्या घरची चूल पेटती ठेवणे असते. हे सगळे राजकारणच आहे. नाव तेवढे दुसरे.

माझे म्हणणे असे आहे, की या दोन जिल्ह्यांत रिपब्लिकन स्त्रियांचे राजकारण पक्षाच्या शाखेपेक्षा या मंडळांतून झाले, आणि त्याच्या मुळाशी एकच जुना प्रश्न सतत राहिला : आमच्या वतीने कोण बोलणार, हे ठरवणार कोण?

आधी भूगोलाची एक गोष्ट सांगितली पाहिजे. आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ म्हणून वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे त्याआधीच्या कागदात ‘सातारा’ म्हटले, की त्यात वाळवा, तासगाव, खानापूरही येतात. हा प्रतिसरकारचा मुलूख. पुढे तो सहकारी साखर कारखान्यांचा आणि काँग्रेसचा बालेकिल्ला झाला. आंबेडकरी पक्षांना इथे विधानसभेच्या हिशेबात फारसे काही हाती लागले नाही. विदर्भात किंवा नाशकात पक्षाच्या मागे जशी एकगठ्ठा मते उभी राहत, तशी संख्या इथल्या गावांत नव्हती. गावच्या कडेला तीस-चाळीस घरांची वस्ती, आणि गावात मतांचे, पाण्याचे, कारखान्याच्या शेअरचे गणित दुसऱ्यांच्या हातात. अशा ठिकाणी राजकारण म्हणजे निवडणूक जिंकणे एवढेच धरले, तर रिपब्लिकन पुरुषांच्याही नावावर थोडेच निघेल. स्त्रियांच्या नावावर काहीच नाही.

बाबासाहेबांच्या चरित्रात सातारा येतो तो बालपणाच्या प्रकरणात. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात त्यांचे नाव घातले गेले, हे आता विद्यार्थी दिवसामुळे सर्वांना माहीत आहे. त्याआधी १८९६ मध्ये त्यांची आई भीमाबाई याच गावात वारल्या. त्यांची समाधी साताऱ्यात आहे. पोरक्या मुलांचा सांभाळ मीराबाई आत्यांनी केला. या परिसरातल्या मंडळांची नावे पाहिली तर रमाई, भीमाई, सावित्री, यशोधरा हीच पुन्हा पुन्हा येतात. सावित्रीबाईंचे नायगाव सातारा जिल्ह्यातच, तेव्हा ते नाव तर घरचेच. मीराआत्याचे नाव घेतलेले मंडळ मात्र मला अजून भेटलेले नाही. पालनपोषण करणारीपेक्षा जन्म देणारी आणि संसार करणारी आपल्या स्मरणात लवकर बसते, त्यातलाच हा प्रकार असावा.

स्त्रियांना स्वतंत्रपणे उद्देशून बोलण्याची रीत आंबेडकरी चळवळीत १९२७ च्या डिसेंबरात महाडला सुरू झाली असे सर्वसाधारणपणे मानले जाते. लुगडे नेसण्याची, दागिने घालण्याची अस्पृश्यपणाची खूण टाका, मुलींना शाळेत घाला, हे त्या सभेतले सांगणे प्रसिद्ध आहे. पण संघटनेच्या दृष्टीने महत्त्वाचा दिवस २० जुलै १९४२ हा आहे. नागपूरला अखिल भारतीय दलित वर्गाच्या परिषदेत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना ठरली, आणि त्याच मांडवात त्या दिवशी महिलांची स्वतंत्र परिषद झाली. अध्यक्ष होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. त्या परिषदेचे ठराव आज वाचताना थक्क व्हायला होते. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, गिरणीतल्या आणि इतर कामगार स्त्रियांना रजा व नुकसानभरपाई, गिरण्यांत स्त्रियांवर देखरेखीला स्त्रियाच, मुलींसाठी वसतिगृहे, असा तो पट आहे. हिंदू कोड बिलावरून बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले ते १९५१ मध्ये. त्याच्या नऊ वर्षे आधी या बायकांनी त्यातली मुख्य मागणी मांडून ठेवली होती.

याच ठरावांत आणखी एक होता. कायदेमंडळांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत आमच्या स्त्रियांसाठी राखीव जागा हव्यात, असा. हा ठराव लक्षात ठेवावा. त्याची गरज पन्नास वर्षांनी पडणार आहे.

जुलै १९४६ मध्ये फेडरेशनने पुण्याला विधिमंडळासमोर सत्याग्रह केला. त्यात स्त्रियाही होत्या आणि त्याही तुरुंगात गेल्या. सत्याग्रहाचे कारण थोडे समजावून घेण्यासारखे आहे. १९३२ च्या पुणे कराराने राखीव जागा मिळाल्या, पण संयुक्त मतदारसंघात. आधी अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवारांची प्राथमिक निवड करायची आणि त्या चौघांतला एक सगळ्यांच्या मतांनी निवडून द्यायचा, अशी ती पद्धत होती. १९४६ च्या निवडणुकीत जिथे प्राथमिक फेरी झाली, तिथे फेडरेशनचे उमेदवार पुष्कळदा पुढे राहिले आणि अंतिम फेरीत जवळपास सगळीकडे पडले. म्हणजे वस्तीने एकाला निवडले आणि गावाने दुसऱ्याला. कॅबिनेट मिशननेही फेडरेशनचे म्हणणे धरले नाही, तेव्हा सत्याग्रह झाला. वेगळ्या मतदारसंघाची ती मागणी बरोबर होती की नाही, यावर वाद घालता येईल. तिच्यामागचे दुखणे मात्र खरे होते.

१९५६ चे धर्मांतर, डिसेंबरातले महापरिनिर्वाण आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजी रिपब्लिकन पक्षाची स्थापना हा क्रम सर्वांना पाठ आहे. बाबासाहेबांनी १९५६ मध्ये मुंबईत राजकारणाचे शिक्षण देणारी एक शाळाही काढली होती. ती त्यांच्या मागे टिकली नाही. खेड्यापाड्यांत तिचे काम पुढे कुणी केले असेल तर ते, माझ्या मते, महिला मंडळांनी. कुणी तसे म्हटले नाही एवढेच.

मंडळ चालायचे कसे? बैठकीचा दिवस बहुधा पौर्णिमा, नाहीतर बाजाराचा नसलेला वार. जागा समाजमंदिर किंवा विहार, ते नसेल तेव्हा कुणाच्या तरी घरासमोरचा कट्टा. महिन्याची वर्गणी चार आण्यांपासून सुरू झालेली. जमलेल्या पैशातून पहिली खरेदी भांड्यांची : मोठी पातेली, वाढपाची भांडी, पाण्याची पिंपे. वस्तीत लग्न निघाले की ही भांडी भाड्याने द्यायची, गावातल्या भांड्यांसाठी हात पसरायचे नाहीत. आज ऐकायला साधे वाटते. पण ज्यांच्या स्पर्शाने भांडे विटाळते असे गाव मानत होते, त्यांनी स्वतःची भांडी घेणे आणि त्याचा हिशेब स्वतः ठेवणे ही लहान गोष्ट नव्हती. भाड्याचे पैसे मंडळाच्या डब्यात. त्यातून जयंतीला हातभार, बाळंतपणाला उसने, परीक्षेच्या फीला मदत. पुढे भिशी आली आणि १९९० नंतर बचत गट. बचत गटाची कल्पना सरकारी अधिकारी समजावून सांगू लागले, तेव्हा या बायकांना त्यात नवे काही वाटले नसणार.

या डब्याला आणि वहीला मी फार महत्त्व देते. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार या तिन्ही जागांवर बाई, आणि तिला निवडणाऱ्याही बायकाच. लिहिता येणारी एखादीच, तेव्हा इतिवृत्त लिहिण्याचे काम सातवी झालेल्या सुनेकडे किंवा लेकीकडे. सासवा ठराव सांगणार आणि सून लिहिणार. अमेरिकेतल्या रिपब्लिकन नावाच्या पक्षाचेही गावोगाव महिला क्लब आहेत, १९३८ पासून त्यांचा राष्ट्रीय महासंघ आहे. नावापलीकडे त्यांचे आणि आपले काही जुळत नाही. एक धडा तेवढा दोन्हीकडे सारखा निघतो. ज्या स्त्रियांच्या संघटनेची वर्गणी आणि सभासदांची यादी तिच्या स्वतःच्या हातात असते, तिला पक्षाने विचारले नाही तरी ती उठून जात नाही.

वर्षावासाचे तीन महिने हा मंडळाचा खरा हंगाम. आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन. पुरुष येतात, पण समोर बसलेल्यांत लुगडी-पातळेच जास्त. वाचनानंतर चर्चा, आणि चर्चेत कुणाच्या रेशनकार्डापासून कुणाच्या नवऱ्याच्या दारूपर्यंत सगळे. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्धांची संख्या सुमारे २८ लाख निघाली. दहा वर्षांपूर्वी ती काही हजारांत होती. गणनेसाठी घरी येणाऱ्या शिक्षकासमोर बहुधा घरातली बाईच उभी असते. धर्म या रकान्यात काय लिहायचे, हे तिने ठामपणे सांगितल्याशिवाय एवढी संख्या कागदावर उतरली नसती.

आता जमिनीकडे वळते. महारकी वतने १९५८ च्या कायद्याने खालसा झाली. बाबासाहेबांनी १९२८ पासून लावून धरलेली ही गोष्ट. वतनाच्या जमिनी ठरलेली रक्कम भरून पूर्वीच्या वतनदारांना नव्या शर्तीने परत मिळायच्या होत्या. सातारा-सांगलीत अशा जमिनी बऱ्याच. ज्यांच्याकडे रक्कम नव्हती किंवा ज्यांची जमीन आधीच दुसऱ्याच्या नांगराखाली गेली होती, त्यांचा हक्क कागदावर राहिला. वतनाच्या राबण्यात बाईचा वाटा पुरुषाइतका होता. सारवणे, लाकूड फोडणे, निरोप घेऊन जाणे, मेलेले ढोर निघाल्यावरची कामे, यातले तिला काही चुकले नव्हते. पण सातबारावर नाव लागले ते पुरुषाचे. बाईचे नाव येते ते वारस म्हणून, म्हणजे विधवा झाल्यावर.

दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह १९५९ मध्ये आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर झाला. पडीक सरकारी जमीन भूमिहीनांना द्या, ही मुख्य मागणी. लाखांवर माणसे तुरुंगात गेली, त्यात लेकुरवाळ्या स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. पक्षाच्या आयुष्यातले हे सर्वांत मोठे आंदोलन. गायरानावरची १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा राज्य सरकारचा जो निर्णय १९९१ मध्ये झाला, त्याची मुळे इथे आहेत. तुरुंगात जाताना स्त्री-पुरुष हिशेब सारखा होता. जमीन नावावर होताना तो सारखा राहिला नाही. संयुक्त नावांचा आग्रह फार उशिरा आला.

या सगळ्याची साक्ष देणारे एक पुस्तक सातारा जिल्ह्यातच लिहिले गेले, हे आपले नशीब. फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून येऊ लागले आणि १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले. बेबीताईंचे किराणा दुकान होते. मालाच्या पुड्या बांधायला येणारी रद्दी त्या वाचायच्या आणि नवऱ्याला, घरच्यांना कळू न देता लिहायच्या. असे वीस वर्षे. मंडळ, जयंती, सभा यांत उघडपणे वावरणारी बाई घरात वही लपवून ठेवते, यातच रिपब्लिकन घरातली स्त्रीची जागा कळते. आणि हे त्यांनी झाकून ठेवले नाही. महारवाड्यातल्या सासुरवासाचे, सुनेला खोड्यात अडकवण्यापर्यंतच्या छळाचे त्यांनी केलेले वर्णन चळवळीतल्या अनेकांना रुचण्यासारखे नव्हते. शिकून पुढे गेलेल्यांनी वस्तीकडे पाठ फिरवली, हाही त्यांचा आक्षेप. फलटणजवळ निंभोऱ्याला त्यांनी आश्रमशाळा काढली. २०१२ मध्ये त्या गेल्या. पलीकडे जतला शिक्षण खात्यात अधिकारी म्हणून काम केलेल्या शांताबाई कांबळे यांचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ही याच काळातले. ही दोन पुस्तके आणि उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांचे १९८९ चे ‘आम्हीही इतिहास घडवला’ एकत्र वाचली, तर मंडळ या गोष्टीची ताकद कळते.

पक्षात बायकांना जागा नव्हती असे म्हणणेही पूर्ण खरे नाही. नाशिकच्या शांताबाई दाणी फेडरेशनपासून पक्षात होत्या आणि १९६८ ते १९७४ विधान परिषदेत होत्या. पण असे नाव सांगताना आपण पहिल्यांदा शांताबाईंकडेच जातो, आणि दुसऱ्या नावासाठी थांबावे लागते. खुद्द माईसाहेब आंबेडकरांना १९५६ नंतर पुढाऱ्यांनी कसे बाजूला ठेवले, ते सर्वश्रुत आहे. याच्या उलट धम्माच्या संघटनेत १९७७ मध्ये यशवंतराव आंबेडकरांच्या निधनानंतर भारतीय बौद्ध महासभेची धुरा मीराताई आंबेडकरांकडे आली. धर्माच्या कामात बाई अध्यक्ष चालते, पक्षाच्या कामात ती महिला आघाडीची अध्यक्ष असते.

पक्ष फुटत गेला. पहिली मोठी फूट स्थापनेनंतर दोनच वर्षांत पडली, आणि पुढे गटांची नावे कंसातल्या अक्षरांनी ओळखावी लागली. त्यातल्या एका गटाचे अध्यक्ष रामदास आठवले मूळचे सांगली जिल्ह्यातलेच, तेव्हा या भागात गटांची चर्चा कमी नाही. एकाच वस्तीत दोन पाट्या लागल्या, पुरुषांच्या जयंतीच्या मिरवणुका दोन झाल्या. मंडळाची भांडी मात्र दोन्हीकडे वाटून देता येत नव्हती. हे गमतीने म्हणत नाही. एकत्र मालमत्ता आणि एकत्र हिशेब असला की फूट महाग पडते, आणि पुष्कळ मंडळे एवढ्याच कारणाने अखंड राहिली.

मग १९९२ ची त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती आली आणि १९४२ च्या नागपूरच्या ठरावातले मागणे निम्मेअधिक पदरात पडले. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात स्त्रियांसाठी दोन जागा होत्याच, पण त्या शोभेच्या. आता एक तृतीयांश आणि २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा स्त्रियांच्या, आणि त्यात अनुसूचित जातीच्या स्त्रियांचा राखीव वाटा. सरपंचपदही फिरत्या आरक्षणाने वस्तीत येऊ लागले.

इथे १९४६ चा प्रश्न परत उभा राहिला. जागा अनुसूचित जातीच्या स्त्रीसाठी राखीव, पण मते सगळ्या प्रभागाची, आणि प्रभागात वस्तीची मते मूठभर. उसाच्या पट्ट्यात गावचे पॅनेल आधी ठरते. राखीव जागेसाठी पॅनेलला नाव हवे असते, आणि मंडळात वीस वर्षे वही लिहिलेली, ग्रामसभेत उठून पाण्याच्या टाकीचा हिशेब मागणारी बाई पॅनेलला सोयीची नसते. सोयीची असते ती मंडळाच्या बैठकीला कधी न आलेली, आणि तिचा नवरा कारखान्यावर किंवा सोसायटीत अडकलेला असेल तर आणखी बरे. निवडून आल्यावर सह्या ती करते, बोलतो दुसरा. लोक याला ‘सरपंचपती’ म्हणून हसतात. खरे म्हणजे नवऱ्यामागेही पॅनेल उभे असते, आणि हसण्याच्या नादात तेवढे नजरेआड होते.

त्यात कागदांची शर्यत. राखीव जागेवर उभे राहायचे तर जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी हवी. विवाहित स्त्रीची जात माहेरच्या कागदांवरून सिद्ध करायची, आणि पुरावा १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा. माहेर दुसऱ्या तालुक्यात, वडील निरक्षर, आजोबांची नोंद शाळेत नाहीच, असली तर कोतवाल बुकात. त्यात धर्मांतरानंतरच्या दाखल्यांवर नुसते ‘बौद्ध’ लिहिलेले असले, की आणखी खुलासा. राज्याच्या सवलती बौद्धांना १९६० पासून मिळाल्या, पण केंद्राच्या यादीत बौद्ध आले ते १९९० च्या दुरुस्तीने. जनगणनेच्या रकान्यात ठामपणे धर्म सांगणाऱ्या बाईच्या नातीला आता त्या दोन कागदांची सांगड घालत तहसील कार्यालयात उभे राहावे लागते. पॅनेलच्या उमेदवाराची कागदपत्रे पॅनेल गोळा करते. मंडळाच्या बाईने ती स्वतः गोळा करायची.

तरी काही ठिकाणी मंडळांनी एक वाट काढलेली दिसते. आरक्षणाची सोडत निघाली की वस्तीतल्या बायकांची बैठक घ्यायची, इच्छुकांची नावे मागायची, त्यातले एक सर्वानुमते ठरवायचे आणि दुसऱ्या कुणी पॅनेलच्या बोलावण्याला जायचे नाही असे बोलून घ्यायचे. पुणे करारातल्या प्राथमिक फेरीची ही घरगुती आवृत्तीच आहे, आणि तिची मर्यादाही तीच : शब्द पाळला गेला तर पॅनेलला मंडळाशी बोलावे लागते, एखादीने मोडला तर सगळे मुसळ केरात. तो मोडायला कारणेही हलकी नसतात. घरकुलाची यादी, नवऱ्याची रोजंदारी, मुलाची नोकरी हे सगळे गावाच्या हातात असताना एकटीला दोष देणे मला जमत नाही.

जुन्या वह्यांची अवस्था वाईट आहे. मंडळाच्या चिटणीसबाई वारल्या की पेटीतली वही रद्दीत जाते किंवा पुरात. २००५ आणि २०१९ च्या महापुरांत कृष्णाकाठच्या वस्त्यांत किती कागद गेले, त्याचा अंदाजच केलेला बरा. उरलेल्या वह्यांत तपशील साधे असतात : तारीख, हजर असलेल्यांची नावे, अंगठे, ठराव, जमाखर्च. अंगठ्यांपुढे नाव दुसऱ्या हाताने लिहिलेले असते, आणि बहुतेक नावांत नवऱ्याचे नाव मध्ये नसते, नुसते बाईचे नाव आणि आडनाव. सातबाऱ्यावर, रेशनकार्डावर, मतदार यादीत अशी नोंद सापडत नाही.